भोरच्या बैठकीतला उशिरा आलेला हात

ओल्या घोंगडीचा वास आला की मला आमच्या छोट्या पक्षाची भोरमधली बैठक आठवते. विधानसभेचा उमेदवार हात वर करून ठरायचा होता. गावोगाव हिंडून तालुक्यात पक्ष उभा केला मी, आणि हात वर झाले ते कालपरवा आलेल्या एका वकिलासाठी. मी संतापून चपला शोधत होतो, तेवढ्यात एसटी चुकल्यामुळे हिर्डोशीहून पावसात घोंगडी पांघरून चालत आलेले एक म्हातारे सभासद दारात उभे राहिले. "झालं व्हय समदं?" "झालं. पडलो मी," मी खेकसलो. त्यांनी तरीही माझ्यासाठी हात वर केला. अध्यक्ष हसले, "बाबा, निवड झाली आता." "आसंल की सायेब. पर येवढं चालत आलोय, हात न उचलताच जाऊ व्हय?" पक्षाला मी आजही माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी जिंकलो असतो, तर तो हात मला दिसलाच नसता.