मंगळाला निघालेले आतोबा

माणसाने मंगळावर जावे की जाऊ नये, या प्रश्नावर अख्ख्या भोर तालुक्यात एकाच माणसाचे मत पक्के होते, आणि तो माणूस माझ्या आत्याचा नवरा होता. बाकीच्या तालुक्याला हा प्रश्न पडलेलाच नाही, हे आतोबांच्या गावीही नव्हते. हिर्डोशीच्या पारावर ते हा विषय असा काढत, की जणू उद्याच ग्रामपंचायतीत ठराव व्हायचा आहे आणि दोन-चार मते कमी पडताहेत. स्वतः आतोबा कापूरहोळच्या पुढे कधी गेले नव्हते. एकदाच तिथवर गेले, हमरस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या आणि रस्ता न ओलांडताच माघारी आले. पण चंद्रावर माणसे उतरली आणि गाव तोंडात बोट घालून बसले, तेव्हा आतोबा ट्रान्झिस्टर बंद करून शांतपणे म्हणाले, "चंद्र म्हंजे आपलं कापूरहोळ. तितं निस्ती गाडी बदलायची. जायाचं मंगळावर."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे, तरी मी घालत असे. मी भोरला कचेरीत चिकटलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायचो. म्हणायचो, आतोबा, तिथे पाणी नाही. ते म्हणायचे, "हितं तरी उन्हाळ्यात कुटं असतंय? तरी ऱ्हातोय न्हवं आमी." मी म्हणायचो, जिवाला धोका आहे. त्यावर ते वरंधा घाटाकडे बोट करायचे. "माजा पणजा कोकनातनं ह्यो घाट चढून आला, तवा हितं काय व्हतं? वाघ व्हता. त्यो धोका बगून खालीच बसला असता तर तुजी आत्या कुनाच्या घरात आली असती?" वाटेत खायचे काय, यावर तर त्यांनी प्रयोगच केला. नाचणीची भाकरी फडक्यात बांधून आढ्याला टांगली, आणि ती किती दिवस टिकते ते खाऊन पाहिले. पुढचा आठवडा ते अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो तर क्षीण आवाजात म्हणाले, "भाकरी टिकली. मानूसच टिकला न्हाई." लेकीला बघायला वेल्ह्याचे पाहुणे आले, तेव्हा यांनी मुलाला शेती किती, शिक्षण किती, काही विचारले नाही. मंगळावर न्यायला कुणी आले तर जाशील का, एवढेच विचारले. मुलगा बिचारा म्हणाला, "घरी इचारून सांगतो." सोयरीक तिथेच मोडली. घरी विचारणाऱ्याच्या हातून काही होत नसते, असे आतोबांचे मत पडले.

हसायला येते, पण मला खरे काय वाटते ते सांगतो. आत्या होती तोवर आतोबा मंगळाचे नावही काढत नसत. ती गेली, पाठोपाठ शालन, त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला नर्सिंग शिकायला गेली, आणि घरात बोलायला कुणी उरले नाही. संध्याकाळी गुरे बांधून झाली की ते ओसरीवर बसत. सूर्य डोंगराआड गेल्यावर हिर्डोशीत जी शांतता पसरते ती एकट्या माणसाला खायला उठते. अशा वेळी माणूस देवाकडे वळतो. आतोबा मंगळाकडे वळले. शालन सुट्टीला आली की मात्र त्यांना आभाळाकडे बघायला सवड नसायची.

आणि एके वर्षी शालन विलायतेतल्या इस्पितळाची नोकरी घेऊन आली. काही वर्षांचा करार, मध्ये येणे परवडणारे नव्हते. मी तिथेच होतो. चुलीपुढे बसून ती म्हणाली, "आबा, तुमी सांगा. तुमी नको म्हनला तर म्या न्हाई जानार." आतोबांनी चुलीतले लाकूड पुढे सारले. दुसऱ्या दिवशी पारावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मंगळावर जायाची कायबी गरज न्हाई मानसाला. हितं काय कमी हाय?" पार हसला. मला हसू आले नाही. तो पंधरवडा त्यांनी मंगळाविरुद्ध जेवढे मुद्दे काढले, तेवढे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. हवा नाही, पाणी नाही, तापात कपाळावर हात ठेवायला कुणी नाही. शालन भाकरी थापता थापता ऐकायची. शेवटी तिने नकाराचे पत्र टाकायला माझ्याकडे दिले. आतोबांनी ते माझ्या हातातून घेतले, चुलीत घातले आणि म्हणाले, "पणज्याच्या आईनं त्याला न्हाई आडवलं."

ती निघाली तो दिवस पौषातला होता. रात्री मुक्कामाला थांबलेली एसटी त्या गारठ्यात धक्का दिल्याशिवाय चालू व्हायची नाही, आणि त्या दिवशी तर ती हटूनच बसली. गावातले बाप्ये मागे लागले. आतोबा बाजूला उभे होते; त्यांना कुणी हाक मारली नाही, मारणारही नव्हते. गाडी हलेना. खिडकीतून शालन रडत त्यांच्याकडेच बघत होती. मग आतोबांनी घोंगडी माझ्याकडे दिली, डोक्याचे मुंडासे घट्ट केले आणि गाडीच्या पाठीला खांदा लावला. "लावा जोर," एवढेच म्हणाले. गाडी हलली, उतारावर लागली, धूर सोडून सुरू झाली. बाकीचे थांबले. आतोबा मात्र सुरू झालेल्या गाडीला ढकलत काही पावले तसेच धावत गेले.

मंगळाचा विषय नंतर त्यांनी पुन्हा काढला नाही. पारावरची पोरे मुद्दाम खोड काढायची: आतोबा, परवा वर्तमानपत्रात आलंय, मंगळावर माणूस पाठवणार म्हणे, जावं का? आतोबा विचारायचे, "जानाऱ्याच्या मागं घरात कोन हाय?" हे कुणालाच ठाऊक नसायचे. भोरची शेवटची गाडी मात्र मी अनेकदा सोडून दिली, आणि त्यांच्या शेजारी ओसरीवर बसून राहिलो.