चोपड्याचं पाणी

"मुंबयचा माका कित्याक? हंयचा सांग."

समुद्राची पातळी इतकी वाढली, तितकी वाढली, असं कुणी बोलायला लागलं की काका हेच म्हणत आणि पायाच्या अंगठ्याने खालची माती दाबत. हंयचा म्हणजे चोपड्याचा. शापोरा नदी समुद्राकडे वळते त्या काठाचा.

पूल होण्याआधी ते फेरीबोटीवर होते. फेरी बंद झाली आणि भरती-ओहोटीची मापं ठेवणाऱ्या आमच्या सरकारी कार्यालयाने त्यांना धक्क्यावरच्या मापाच्या पट्टीवर पाणी वाचायचं काम दिलं. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर हसला असता. पट्टीसमोर उकिडवे बसून, लाट कुठवर चढली नि कुठवर उतरली हे पाहून ते मधला आकडा वहीत टिपत. तेवढ्यात एखादी होडी गेली की ओरडत, "ढवळलंस मां रे मेल्या!" आणि पाणी निवळेपर्यंत पुन्हा बसून राहत.

माझं काम वर्षातून एकदाच. देवळामागे पक्क्या खडकावर खुणेचा दगड होता. तिथून दुर्बीण लावून पट्टी जागची हलली नाही ना, हे तपासायचं. एकदा मी त्यांना समजावलं, की समुद्र सगळीकडे सारखा चढत नाही. कुठे वारा पाणी लोटतो, कुठे प्रवाह, आणि कुठे जमीनच खाली बसते.

"ह्या शिकूक तुका कॉलेजात जावचा लागला?" काका म्हणाले.

धक्क्यामागे बांधाच्या आत त्यांचं खाजन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं शेत होतं, वाड्यातल्या इतरांचीही होती. खाऱ्या पाण्याला पुरून उरणारा कोरगुट भात तिथे पिकायचा. वाड्याने बांध उंच करायचं ठरवलं. किती उंच, ते काकांच्या वहीवरून ठरणार होतं.

नेमके त्याच वर्षी काकांचे आकडे किनाऱ्यावरच्या बाकी ठिकाणांपेक्षा फार पुढे गेले. नवे साहेब धक्क्यावर आले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "हा माणूस घरी बसून आकडे लिहितो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन वर्षं मी पट्टी तपासलीच नव्हती. एका वर्षी पाऊस लांबला, दुसऱ्या वर्षी घरात लग्न होतं. दोन्ही वेळा मी कार्यालयात बसूनच 'फरक नाही' असं लिहून दिलं होतं. घरी बसून आकडे लिहिणारा मी होतो. मी नदीकडे बघत राहिलो.

पट्टी काढली गेली. बांध साऱ्या किनाऱ्याच्या एका आकड्यावरून चढवला. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला पाणी त्यावरून आत आलं आणि फुलोऱ्यातल्या भातात तसंच साचून राहिलं. कोरगुटालाही तेवढं मीठ सोसलं नाही. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी कुणी पेरलं नाही. आणि बाजारात काकींना ऐकावं लागे, "तुझ्या घोवान खोटे आकडे केले, म्हणून वहीचा कोणी ऐकूक नाय."

शेवटी मी एका मित्राची दुर्बीण मागून नेली आणि एकट्याने माप घेतलं. धक्का दोन बोटं खचला होता. शेताचा बांधही तेवढाच. समुद्र चढत होता आणि चोपड्याचा चिखल बसत होता. चोपड्यापुरते काकांचे आकडे खरे होते.

सांगायला गेलो तेव्हा ते अंथरुणाला लागले होते. मी सगळं सांगितलं, माझ्या दोन कागदांसकट.

"म्हणजे मी फटी मारूक नाय, खोटा लिवूक नाय," ते म्हणाले.

"नाही काका."

"माका कित्याक सांगतस? माका म्हायत आसा. हिका सांग."

काकी दाराशी उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. त्यांनी पदराने हात पुसले. म्हणाल्या, "सांगूक इतकी वर्सां कित्याक लागली तुका?"

काकांनी डोळे मिटले होते. गणेशचतुर्थीच्या आधी ते गेले.

कार्यालयात मी लेखी कबुली दिली. ती फायलीत लागली. मला समज मिळाली, चोपड्याला पट्टी मिळाली नाही.

अजूनही मी अधूनमधून तिकडे जातो. शेतात आता खारफुटीचा कांदळ वाढलाय. भरतीला आत आलेले मासे तिथेच राहून मोठे होतात, शेणाणे, तामसे. चवीला फार चांगले, असं लोक सांगतात. शेजारी जाळं टाकतात आणि पहिला वाटा न चुकता काकींकडे पाठवतात.

काकी तो तसाच परत करतात.

"भाताच्या जाग्यार वाढल्ले ते," म्हणतात. "माझ्या घशाखाली उतरणत नाय."