अख्खे काजू

बार्शीच्या स्टँडवर आईने खिडकीतून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, काळं तिखट. म्हणाली, “तिकडं समदं इकत घ्यावं लागतंय. पुरवून खा.” ती रडली नाही. मीच रडले, पार कुर्डुवाडी येईपर्यंत.

धायरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अविनाश, म्हणजे माझा नवरा, हिंजवडीला कंपनीच्या बसने जायचा. कंपनी दर महिन्याला जेवणाच्या कुपनांचं पुस्तक द्यायची. कॅन्टीनमध्ये जेवा, नाहीतर किराणा भरा. तो घरून डबा न्यायचा आणि कुपनं माझ्या हातात द्यायचा. शहाण्या बाईने त्यात महिन्याचा किराणा भरला असता. मी ती फळीवरच्या कागदाखाली सरकवून ठेवायचे आणि रोज पिठलं करायचे. आई पहिल्यांदा येईल तेव्हा ती सगळी एकदम वापरून भरलेले डबे काठोकाठ दिसायला हवे होते. कारण फोनवर मी तिला कायम सांगायचे, “इथं भरपूर आहे.”

आई आली ती ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच. वर्षाचा शेवटचा दिवस होता. चहा करते म्हणून आत गेली आणि एकेक डबा उघडत गेली. डाळीच्या डब्याचा तळ दिसत होता, साखर चमचाभर उरली होती.

“हेच का तुझं भरपूर?” एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागदाखालचा गठ्ठा काढून तिच्यापुढे धरला. तिचा विश्वास बसेना. कुपनांवर तूरडाळ मिळते हे पटवायला मी तिला तशीच वाण्याकडे घेऊन गेले.

दुकानदाराने गठ्ठा उलटा केला. “ताई, मागची बाजू वाचायची पद्धत नाही का तुमच्याकडे? मुदत आज संपतेय. उद्या आला असतात तर वह्यांना कव्हरं घालायला उपयोग झाला असता.”

“पण आज चालतील ना?” मी विचारलं.

“आज चालतील. सुटे मात्र परत मिळणार नाहीत.”

एवढं हायसं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. मी सवयीने अर्धा किलो डाळ मागितली. आईने मला कोपराने बाजूला सारलं. “पाच किलो द्या. साखर बी तेवढीच.” तेल झालं, रवा झाला, तरी कुपनं उरली. आमच्याकडे काजू म्हणजे तुकडा, तोही सणापुरता. आई बरण्यांकडे बघत म्हणाली, “काजू द्या. तुकडा नगं, अख्खं.”

रिक्षात पोत्यावर पाय ठेवून आम्ही दोघी काजू खात आलो. मी हसता हसता रडले, आणि या वेळी तीही रडली.

आता कुपनं फोनवर येतात, अमुक टक्के सूट म्हणून. आली की मी त्याच दिवशी वापरून टाकते. गावाकडच्यांनो, इथलं घर माझं कधी झालं असं विचाराल, तर भाडेकरार झाला तेव्हा नाही. स्वारगेटला आईला गाडीत बसवलं तेव्हा. खिडकीतून पुन्हा काही सांगेल म्हणून मी कान पुढे केला.

ती म्हणाली, “पोटभर खा. संपलं तर इकत आण.”