खताच्या गोदामातला देवीचा सिनेमा

त्या वर्षी पाऊसच नव्हता, म्हणून सोसायटीच्या गोदामात खताचं एक पोतंही आलं नाही. रिकाम्या गोदामात पडदा बांधून कुणीतरी देवीचा सिनेमा लावला. दुपारचा खेळ खास बायांसाठी. आता आम्ही काय केलं म्हणता? चपला बाहेर काढल्या, दारात नारळ फोडला, अन् मग तिकिटं घेतली.

दारावरच्या माणसानं माझ्या आठ वर्षांच्या लेकीला अडवलं. "मावशी, ह्यो मोठ्यांचा सिनेमा हाय. लेकरं चालत न्हाईत. पाटीवर लिवलंय बघा."

पाटी मी वाचली होती. शाळेत गेले नाही, पण अक्षरं माझी मी शिकले होते, त्याचा तोराही होता. तरी म्हणाले, "देवीच्या दारात लेकराला अडवतोस? पाऊस कावून पडत न्हाई ते आता कळलं." मागच्या बाया हसल्या. एकजण म्हणाली, "जाऊ दे की दादा, लई पाप लागंल." तो बिचारा बाजूला झाला.

सिनेमातही दुष्काळ. एक आई पाऊस मागायला निघते. लेकीला न्हाऊ घालते, कुंकवानं कपाळ भरते आणि देवीपुढं नेते. पुढचं सगळं दाखवलं होतं, रक्तासकट. बायांनी हात जोडले, मीही जोडले. पोरगी माझ्या मांडीला चिकटून बसली होती. तिच्याकडं मी एकदाही पाहिलं नाही.

शुक्रवारी पूजा झाल्यावर नेहमीसारखं कुंकू लावायला तिला हाक मारली, तर ती पळालीच. गल्ली पालथी घातली. आडात पाणी नव्हतं तरी वाकून वाकून पाहिलं. सापडली शेजारच्या चाचीकडं. चाचीचा नवरा गाड्यावर फळं विकायचा. त्या टोपल्यांमागं पोरगी बसलेली.

चाची म्हणाली, "ताई, ती म्हणती, चाची, तुमच्या घरात देवी न्हाई, मी हितंच राहते. झालं काय?"

मी आत जाऊन म्हटलं, "बाळा, सिनेमा खोटा असतो."

"देवी खोटी असती का?"

"न्हाई."

"मग?"

मी टोपली बाजूला सारली, तशी ती चाचीमागं गेली.

"पाऊस न्हाई पडला तरी मला देवीला न्हाई ना देणार?" तिनं चाचीच्या पदराआडून विचारलं.

"न्हाई गं."

"शपथ घे."

"देवीची..." म्हणता म्हणता मी थांबले. दुसऱ्या कुणाची शपथ मला येतच नव्हती.

चाचीनं तिला माझ्याकडं ढकललं नाही. "आज राहू द्या," एवढंच म्हणाली. मी घरी आले, लेकीची गोधडी अन् ताट घेतलं, आणि चाचीकडं नेऊन दिलं.