लिंडसेच्या चौदा बरण्या

माझा नवरा लिंडसे एकतीस वर्षं मटणाच्या कारखान्यात, कातडी धुण्याच्या खात्यात होता. मग पाठ गेली, कारखान्यानं हातात एक घड्याळ ठेवलं, आणि तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. दीड वर्ष. मी वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून सकाळी यायची तेव्हा हा खुर्चीत, दुपारी झोपून उठायची तेव्हाही खुर्चीतच. दाढी नाही, बोलणं नाही. विचारलं तर म्हणायचा, "उठून करू काय?" तिकडे अकरा म्हाताऱ्यांना उठवून, धुऊन-पुसून मी यायची. बाराव्याला उठवायचं बळ कुठून आणायचं? खरं सांगते, कधीकधी मला त्याचा रागच यायचा.

मग आमची मुलगी कर्स्टी डनीडिनहून आली ती बापाच्या वाढदिवसाला तांब्याची छोटी भट्टी घेऊन. घरी व्हिस्की गाळायची म्हणे, हौस म्हणून. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बापाला दारुडा करायचाय का?"

"आई, दारुडा व्हायलासुद्धा खुर्चीतून उठावं लागतं," ती म्हणाली.

आमच्या देशात घरापुरती गाळायला कायद्याची आडकाठी नाही, विकायला तेवढी बंदी. आडकाठी होती ती माझ्या माहेरची. आईनं आम्हाला कधी नाताळच्या केकमध्येसुद्धा ब्रँडी चाखू दिली नाही. आणि लिंडसेची पणजी होकोनुईच्या डोंगरात पोलिसांची नजर चुकवून गाळायची. लग्नाच्या फोटोत माझ्या आईचं तोंड का वाकडं आहे, ते समजून घ्या.

पण लिंडसे उठला. आधी पुस्तक वाचलं, मग दाढी केली, मग मागची धुण्याची खोली रिकामी केली. मोड आणून वाळवलेले सातू भरडून गरम पाण्यात भिजवायचे, ते गोड पाणी गाळून यीस्ट घालून आठवडाभर आंबवायचं, मग भट्टीवर चढवायचं. पहिल्या धारेची म्हटलं की लोक मिशीवरून हात फिरवतात, पण ती पहिली वाटीभर धार वाईट, ओतूनच द्यायची. पुढची थेंबथेंब येते ती जॅमच्या चौदा बरण्यांत ओळीनं धरायची, वर फडकं टाकून एक दिवस ठेवायची, आणि मग एकेक बरणी हुंगायची. सुरुवातीच्यांना नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास येतो, शेवटच्यांना ओल्या कुत्र्याचा. मधल्या चांगल्या तेवढ्या एकत्र करायच्या. सगळी अक्कल त्या हुंगण्यात.

आणि तिथंच घोडं अडलं. एका सकाळी मी घरात पाऊल टाकलं तर नुसता जळका वास. ओटची लापशी बुडाला लागून कोळसा झालेली, आणि हा शेगडीपासून दोन हातांवर बसून पुस्तक वाचतोय.

"अरे जळतंय ते कळत नाही?"

"काय जळतंय?" म्हणाला. मग त्यानं पातेल्याकडे पाहिलं आणि उठून शेगडी बंद केली. म्हणाला, "नाक बहुतेक कारखान्यातच राहिलं, नोल. घड्याळ तेवढं घरी आलं." हसला, पण पुस्तक मिटून ठेवलं. आता हा परत खुर्चीत जाणार, असं मला वाटलं.

"मी हुंगते," मी म्हटलं. जन्मात थेंब न चाखलेली बाई मी.

पुढच्या मंगळवारी माझी जोडीची बाई आली नाही, म्हणून मला दोन्ही पाळ्या ओढाव्या लागल्या. सकाळी घरी आले तर पाय सुजून बुटातून निघेनात. हा दारातच उभा, केस विंचरून. "बरण्या तयार आहेत."

गेले. पहिल्या चार नीट हुंगल्या. नेलपॉलिश, नेलपॉलिश, थोडं, नाही. पाचवीपासून डोळे मिटायला लागले. तो एकेक बरणी पुढं करायचा, मी नाक नेल्यासारखं करायची आणि म्हणायची, "चांगली." "ही?" "चांगली." चौदावीपर्यंत सगळ्या चांगल्या. त्याचा चेहरा असा फुलला की त्या क्षणी सांगवेना. गेले आणि झोपले.

त्यानं त्यात पाणी घालून, ओक लाकडाच्या भाजलेल्या ढलप्या टाकून महिना-दीड महिना मुरवली. मग एका शनिवारी बोलिंग क्लबात दोस्तांसाठी बाटली घेऊन गेला, आणि मी चीज रोलचं ताट घेऊन मागून. त्याच्याच खात्यातला जुना सोबती एवन, त्यानं पहिला घोट घेतला. चेहरा आवळला.

"लिंडसे, मेंढी किती दिवस भिजत घातली होतीस यात?"

सगळे हसले. लिंडसेही हसला. सगळ्यांचे ग्लास तसेच भरलेले टेबलावर राहिले, ते त्यानं स्वतः गोळा करून धुतले.

रविवारी तो खुर्चीत. सोमवारी खुर्चीत. मंगळवारी दाढी नाही. मी कोट न काढताच त्याच्यासमोर जाऊन बसले.

"मी हुंगल्याच नव्हत्या," म्हटलं. "चौथीनंतर एकही नाही. झोप अनावर झाली होती, चांगली चांगली म्हणत सुटले. तुझी काही चूक नाही, माझं पाप आहे."

तो हाताकडे बघत राहिला. "पाणी घातलं तेव्हा दुधासारखी गढूळ झाली होती," म्हणाला. "शेवटच्या बरण्यांतलं गेलं की होते तशी. पुस्तकात आहे."

"म्हणजे तुला कळलं होतं? मग शहाण्या, चारचौघांत घेऊन कशाला गेलास?"

"तू चांगली म्हणालीस ना."

चौतीस वर्षांचा संसार. हा माणूस माझं ऐकत नाही, असं मी शेजारणींना किती वेळा सांगितलं असेल. मला रडू कोसळलं. तो अवघडून उठला, पाठ धरून, आणि किटली ठेवली.

"थकली होतीस तर सांगायचं, बाई," म्हणाला. "बरण्यांना कुठं जायचं होतं?"

दोन आठवड्यांनी पुन्हा चौदा बरण्या भरल्या. त्या सकाळी मी घरी आले तर म्हणाला, "आधी झोप." तीन वाजता उठले. धुण्याच्या खोलीत हा कोट घालून बसलेला, बरण्यांवर फडकं तसंच. मी एकेक हुंगली, सावकाश, मध्ये दारात जाऊन गार हवा घेऊन. चौथीपासून नववीपर्यंत छान, भाजलेल्या पावासारख्या. दहावीला म्हटलं, "ही नको. ही आणि पुढच्या सगळ्या."

एकदा फसवून बसलेल्या बाईला माणसानं निदान 'नक्की का?' एवढं तरी विचारावं. त्यानं विचारलं नाही. दहावी उचलली आणि मोरीत ओतली, मग अकरावी.