रबराची बोटं

बोरीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं पाथरीला आमच्या शाळेत निरोप आणून दिला... आक्का गेली. माझी थोरली बहीण. तास अर्धवट टाकून निघालो. रस्ताभर रडू आलं नाही, फक्त थकल्यासारखं वाटत राहिलं. बारा-चौदा वर्षं तिच्या दुखण्यापायी एसटीत बसत आलो, तसाच याही वेळी बसलो.

संधिवातानं तिशीतच तिचे हात धरले होते. बोटं करंगळीच्या बाजूला कलली, मूठ मिटेना. विद्यापीठाच्या नामांतरावरून ऐन वेळी गाड्या बंद व्हायच्या, त्या दिवसांत आम्ही तिला मुंबईला नेलं. उजव्या हाताच्या चार बोटांच्या मुळाशी नवे सांधे बसवले. डॉक्टर इंग्रजी जास्त, मराठी कमी बोलायचे. रबरासारखा सांधा आहे, जपा, एवढंच मला समजलं. उरलेलं मास्तरकीच्या तोऱ्यात मीच जोडलं. दाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, बजावलं की रबर आहे, चुलीच्या आचेनं वितळेल. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. दाजी ज्वारीची भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरीचा पार नकाशा झाला. गाव हसलं, दाजी थापत राहिले.

बोटं सरळ झाली, ठणका गेला. आक्का स्वतःचं कुंकू स्वतः लावू लागली, त्या दिवशी आरशापुढून उठेचना. ताकद मात्र परतली नाही, ओलं लुगडं पिळायला दाजीच लागत. नऊ वर्षांनी तपासणीला नेलं, तेव्हा एक्स-रेमध्ये दोन सांधे मोडलेले दिसले. बोटंही पुन्हा जराशी कलली होती. दुखत नाही ना, मग राहू द्या, डॉक्टर म्हणाले. ती बाहेर बाकावर होती. मी हळूच चुलीचं विचारलं, तर ते हसले. वितळत-बितळत काही नाही, जमेल तेवढा स्वयंपाक करू द्यायचा होता, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर तोंड उघडलं नाही. पुढं चार वर्षं उघडलं नाही.

यंदाच्या संक्रांतीला मात्र सांगून टाकलं. दाजी रानात गेले होते. आक्कानं सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "चहाची गरम कपबशी धरतच व्हते की मी. काय वितळलं?"

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"लगीन झाल्यापासून गरम भाकर ताटात कवा पडली न्हवती, दिगू. लय थकले व्हते रे..."

ती आमची शेवटची भेट. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा दाजींनी मला चुलीपुढं बसवलं आणि तव्यावरची भाकरी ताटात टाकली. आता त्यांच्या भाकरीला पापुद्रा सुटतो.

"इतक्या वर्सांत एक दिस तिला चुलीजवळ येऊ दिलं न्हाई," ते म्हणाले. "मास्तर, तुमीच सांगितलं व्हतं ना, आच लागू देऊ नका म्हनून."

मी हो म्हणालो, आणि भाकरी मोडली.