सासऱ्यांची काहील

माझे सासरे किशनराव यांच्याइतका पाहुणचार करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या पाहुणचाराने इतका जीव नकोसा करणाराही पाहिला नाही. त्यांच्या घरी जावयाने पाण्याचा तांब्या स्वतः उचलला तर सासूबाईंवर ओरडा. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी माझा जोडा माझ्याच हाताने काढला, म्हणून गड्याला दिवसभर बोलणी बसली. मांजरा नदीच्या पल्याड त्यांचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं. त्यांचा गूळ लातूरच्या बाजारात नाव घेऊन मागायचे. पण त्या गुळापेक्षा त्यांना जावयाचं कौतुक जास्त होतं.

मी मूळचा नांदेडचा, गोदेच्या घाटावर वाढलेला. तेव्हा निजामाच्या अमलात मुरूडच्या सरकारी मदरशात मास्तर होतो. बायको, तुळजा, बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, ती रांगायला लागल्याचंही कळलं, पण मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. कधी रुखसत, म्हणजे रजा, मिळायची नाही, आणि मिळाली की नदी भरलेली असायची.

अशात अधिक श्रावण आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे. सासऱ्यांचा निरोप आला की धोंडा खा आणि लेकीला, नातीला घेऊन जा. महिना चुकला तर पुढं पोळा, पितरं, दसरा. मग पाठवणी एकदम दिवाळीनंतरच. मला रुखसत मिळाली ती नेमकी महिन्याच्या शेवटच्या दिवशी, अमावस्येला.

नदीवर पोचलो तर पाऊस कोसळत होता. दस्तगीर नावाड्याने नाव वर ओढून झाडाला बांधली होती आणि तो गोणपाट डोक्यावर घेऊन बसला होता.

"आज न्हाई, मास्तर. पानी लई हाय."

मी कपाळाला हात लावून बसलो. एवढ्यात पाण्यावरून एक मोठी काळी परात गरगरत आली आणि त्यात माझे सासरे उभे. गूळ उकळायची लोखंडी काहील होती ती. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं, काहील रिकामी असते, म्हणून आमच्या भागात पुराच्या वेळी तिच्यात बसून नदी ओलांडतात. वल्हं म्हणून त्यांच्या हातात गूळ ढवळायचं लांब दांड्याचं फावडं होतं.

"जावईबापू, बसा," ते म्हणाले. "धोंडे वाट बघायलेत."

मी बसलो. आयुष्यातल्या मोठ्या चुकांत मी ही चूक धरतो.

काहील गोल. तिला ना पुढचं टोक, ना मागचं. एका बाजूने पाणी मागे लोटलं की ती जागच्या जागी फिरते. समोर फावडं घालून पाणी आपल्याकडे ओढत राहिलं तरच ती पुढे सरकते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सासरे मात्र डाव्या हाताला जोर लावून लोटत होते. आम्ही फिरत होतो आणि फिरत फिरत खाली वाहत होतो.

"मामा, फावडं जरा माझ्याकडं द्या."

"तुमी बसा."

"मामा, मी नांदेडचा आहे. मला येतं."

"येत आसंल. पर धोंडा खायच्या आधी जावयाच्या हाताला काम लावलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

"गाव कुठाय इथं?"

त्यावर त्यांनी आणखी जोरात डाव्या हाताला लोटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिसकावून घ्यावं म्हटलं तर सासरे. आणि काहील कलंडली असती ती वेगळीच.

शेवटी नदीनेच निकाल लावला. मधल्या बेटावर, बाभळीच्या जाळीत, काहील जाऊन अडकली. अंगभर काटे, गुडघाभर चिखल. पल्याडचं गुऱ्हाळाचं छप्पर डोळ्यांना दिसत होतं. तिथं माझी लेक होती आणि मी इथं सासऱ्यांबरोबर काटे काढत होतो.

"आता तरी द्या," मी म्हणालो.

"पाणी उतरू द्या. मीच नेतो."

पाणी काही उतरलं नाही. काहील पालथी घालून, एका बाजूला दगड लावून आम्ही खाली शिरलो. लोखंडावर पाऊस असा बडवत होता की बोललेलं ऐकू येईना. त्यातल्या त्यात तेवढंच सुख. जाळ करायला गेलो तर नुसता धूर झाला. माझ्या पिशवीत एक भाकरी होती, ती भिजून लगदा झाली होती. मी विचारलं तेव्हा कळलं, सासऱ्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. जावयाच्या आधी कसं जेवायचं?

दिवस मावळायला आला तशी त्यांची चुळबूळ वाढली. महिना संपत होता. मग त्यांनी पटका सोडला आणि आतून गुळाचा खडा काढला. नदीला वाहायला आणलेला, डोक्यावर कोरडा राहिलेला. भाकरीच्या लगद्यात तो भरून त्यांनी गोळा वळला. ओंजळीत पाणी आणून माझे चिखलाचे पाय धुतले. मी पाय मागे घेतले, तर त्यांनी घट्ट धरले.

"ह्योच धोंडा समजा," ते म्हणाले. "घरी लई केलंय हो. कोरड्या जागी वाढायचं होतं तुमाला."

मी अर्धा गोळा खाल्ला. गूळ फार चांगला होता. उरलेला अर्धा त्यांना दिला, तेव्हा ते पाठ फिरवून जेवले. त्या माणसावर मला रागावताही येईना, याचाच मला जास्त राग आला.

सकाळी पाऊस थांबला. अधिक संपून निज श्रावण लागला होता. सासऱ्यांनी काहील सुलटी केली, माझ्याकडे न बघता फावडं पुढे केलं आणि पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली.

"वसंता, धोंडा झाला. आता तू घे."

मी पाणी ओढायला लागलो आणि काहील सरळ निघाली. सासरे बसून बघत होते. काल हेच झालं असतं तर, हा विचार मी प्रत्येक ओढीला केला.

काठ जवळ आला. गुऱ्हाळाशी माणसं जमली होती. पुढे तुळजा उभी होती, कडेवर लाल टोपडं घातलेलं पोर. मी हात उंचावला. तेवढ्यात सासऱ्यांनी माझ्या दुसऱ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि उभे राहून डाव्या हाताला जोर लावला.

काहील गरगर फिरायला लागली. मला लेक दिसली, मग बाभळी, मग दस्तगीरचा काठ, मग पुन्हा लेक. ती माझ्याकडे बघून हसत होती. आम्ही हळूहळू खाली वाहायला लागलो.

"मामा, पाया पडतो, फावडं द्या."

"बसा जावईबापू," ते दात आवळून म्हणाले, "लोकं बघायलेत."